के-११७ची भाकरी

"पुढच्या पन्नास वर्षांचं महाराष्ट्राचं अन्न या खोलीत ठरतंय, मयेकर," डॉ. कोनापुरे म्हणाले. ते खिडकीशी उभे होते, बाहेर रब्बीची ज्वारी कमरेला लागली होती आणि त्यांचा आवाज असा लागला होता की मी नकळत ताठ उभा राहिलो. "इथं आज जे ठरेल, ते उद्या लाखो ताटांत पडणार आहे. तेव्हा आधी चूळ भरून या."

चूळ भरणं हा प्रयोगाचाच भाग होता. मी बाहेरच्या नळावर जाऊन चूळ भरली आणि अशा रीतीने कोरडवाहू ज्वारी संशोधन केंद्र, करडगाव, इथे संख्याशास्त्र सहायक म्हणून रुजू झालो. वय चोवीस. गाव मालवणकडचं. आमच्याकडे भाकरी तांदळाची. ज्वारी मी पाहिली होती ती अभ्यासाच्या पुस्तकात, तीही लॅटिन नावानं. ही माझी उणीव मी डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगितली, तेव्हा त्यांना आनंदच झाला. म्हणाले, फार चांगलं, तुमची जीभ कोरी आहे. आणि त्यांनी मला चव समितीवर घेतलं.

ती खोली म्हणजे पूर्वीचं खताचं गोदाम. युरियाचा वास भिंतींत इतका मुरला होता की 'भाकरीचा वास' या रकान्यात सगळे वर्षानुवर्षं 'ठीक' एवढंच लिहीत. आम्ही सहा जण चटईवर मांडी घालून बसायचो. समोर स्टीलची ताटली, तीत चतकोर भाकरी. भाजी नाही, चटणी नाही, मीठसुद्धा नाही. एक चतकोर खायची, फॉर्म भरायचा, चूळ भरायची, पुढची चतकोर. एका बैठकीत सात वाणं. रंग, मऊपणा, चव, पापुद्रा सुटला की नाही, मोडली की नाही, अशा प्रत्येक गोष्टीला एक ते नऊ गुण. एक म्हणजे गिळवत नाही आणि नऊ म्हणजे काय विचारता. हेडक्लार्क काळदाते माझ्या शेजारी बसत आणि डोळे मिटून सगळ्यांना सात देत. त्यांचं म्हणणं, सात या आकड्यानं आजवर कुणाची चौकशी लागलेली नाही.

हसू येईल असा हा कारभार होता खरा, पण त्यामागे डॉक्टरांचं आयुष्य होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात ज्वारीची काही नवी वाणं आली होती. पोत्यांनी पिकली. लोकांनी हौसेनं घरी आणली, बाईनं एकदा थापली, भाकरी काठवटीतच मोडली आणि दुसऱ्या दिवशी पोती म्हशींपुढं गेली. डॉक्टरांनी हे स्वतः पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांचा नियम: दाणा किती आला हे नंतर, भाकरी कशी झाली हे आधी. इतर केंद्रांतले शास्त्रज्ञ त्यांना माघारी 'भाकरीवाले कोनापुरे' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

बारा वर्षं खपून त्यांनी एक वाण तयार केलं होतं: के-११७. पाऊस दगा देवो, पाण्याची पाळी चुको, इथल्या जुन्या, घरोघरच्या मालदांडी वाणाच्या दीडपट दाणा. डॉक्टर त्याचं नाव घरच्या माणसाचं घ्यावं तसं घेत. "एकशेसतराला काल वारं लागलं," म्हणत. वाणांना मान्यता देणारी समिती फेब्रुवारीच्या अठरा तारखेला पुण्यात बसणार होती आणि मार्चअखेर डॉक्टर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी येणार होते ते करडईतले तज्ज्ञ. करडईवाल्या माणसाला ज्वारीचं वाण पुढं रेटण्यात काडीचा रस नसणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणजे अठरा तारखेला मान्यता मिळाली तर मिळाली. नाही तर के-११७ कपाटातल्या पाकिटात जाणार आणि तिथेच राहणार.

समितीपुढे जायच्या प्रस्तावातली कोष्टकं करायचं काम माझ्याकडे होतं. दाण्याची झाली, कडब्याची झाली, रोगकिडीची झाली. शेवटी मी भाकरीचे सहा वर्षांचे फॉर्म काढून बसलो. एकेचाळीस वाणं, शेकड्यांनी फॉर्म. दोन दिवस आकडेमोडीच्या यंत्राचं हँडल फिरवून सरासऱ्या काढल्या. मालदांडी सात पूर्णांक तीन. के-११७ सात पूर्णांक तीन. डॉक्टरांना दाखवलं तर ते खुर्चीतून उठलेच. मालदांडीची भाकरी म्हणजे या भागात शेवटचा शब्द; तिच्या तोडीस तोड उतरलं म्हणजे आणखी काय हवं.

मला मात्र काहीतरी टोचत होतं. बाकीची एकोणचाळीस वाणंही सात पूर्णांक एक ते सात पूर्णांक चारच्या मध्येच होती. सगळी. सहाही वर्षं. निसर्गात असं होत नाही. आम्ही चार भावंडं, एका आईच्या हातचं खाऊन वाढलो, पण आमच्यातसुद्धा याहून जास्त फरक होता.

माझा पहिला संशय अर्थातच काळदात्यांवर गेला. मी एक सापळा रचला. लेबलं चिकटवायची खळ शिजवण्यासाठी गोदामात जुनं ज्वारीचं पीठ ठेवलेलं असे. तीन महिन्यांपूर्वी दळलेलं, पार इरी गेलेलं, म्हणजे ज्याची चिकटाई संपली आहे असं. ते मी पाच नंबरच्या डब्यात भरलं आणि गुपचूप इतर डब्यांच्या रांगेत ठेवून दिलं. वाढण्याचा क्रम दर बैठकीला बदले, त्यामुळे कोणती चतकोर कोणत्या डब्याची हे खाताना मलाही कळणार नव्हतं. बैठक झाली. फॉर्म गोळा केले. पाच नंबरला सरासरी सात पूर्णांक दोन.

चोर सापडले म्हणून मी खूश झालो. मग एकेक फॉर्म पाहू लागलो आणि एका फॉर्मवर माझंच अक्षर दिसलं. पाच नंबरला मीही सात दिले होते. आणि मला चांगलं आठवत होतं की ती चतकोर मऊ होती, वरचा पापुद्रा सुटलेला होता. खळीच्या पिठाची भाकरी मी चवीनं खाल्ली होती. म्हणजे दोष खाणाऱ्यांत नव्हता. उरली चूल.

चूल गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि तिच्यापुढे सुंदराक्का खरात असायच्या. पन्नाशीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. मूळच्या केंद्राच्या शेतावरच्या मजूर. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एकदा शेताच्या बांधावर त्यांच्या फडक्यातली भाकरी चाखली आणि त्याच दिवशी त्यांची नेमणूक चुलीवर केली. अक्कांना वाचता येत नसे. डब्यांवरचे नंबर त्यांना कळणार नाहीत, म्हणजे गुप्तता राहील, ही त्यांची मोठी पात्रता धरली गेली होती. चुलीच्या वर भिंतीवर प्रयोगाची पद्धत टाईप करून लावली होती: शंभर ग्रॅम पीठ, पंच्याऐंशी मिलिलिटर साधं पाणी, मळण्याची वेळ चार मिनिटं. तीही त्यांना वाचता येत नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. नाही म्हणायला, काळदात्यांनी सुरुवातीला ती एकदा मोठ्यांदा वाचून दाखवली होती आणि अंगठा घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन पाट घेऊन बसलो. अक्कांनी पहिल्या डब्यातलं पीठ काठवटीत घेतलं, चिमूटभर बोटांत चोळलं, घागरीतलं पाणी घातलं आणि मळायला लागल्या. दुसऱ्या डब्याचंही तसंच. तिसऱ्या डब्याचं पीठ बोटांत चोळल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी चुलीच्या मागच्या बाजूला ठेवलेलं पातेलं पुढं ओढलं. त्यात पाणी खळखळ उकळत होतं. ते पिठात ओतलं, उलथन्यानं ढवळलं, झाकून ठेवलं आणि जरा निवल्यावर मळायला घेतलं. भाकरी अशी गोल, अशी टम्म फुगली की चित्र काढावं.

मी विचारलं, हे पाणी वेगळं का.

"ह्या पिठाला चिकटपणा न्हाय," त्या म्हणाल्या. "उकळतं घातल्याबिगर थापाय येत न्हाय."

कधीपासून असं करता, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्यापासून. ज्याला लागेल त्याला घालते, ज्याला नाही लागत त्याला नाही घालत. मी भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं आणि सांगितलं की सगळ्यांना साधं पाणी घालायचं असं त्यात लिहिलंय. अक्कांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काळजी दिसली.

"आन् मोडल्याली भाकर साहेबलोकांम्होरं ठेवू? तुमी खाणार, कागुद न्हाय खाणार. माझ्या सासूनं आसली भाकर बगितली आसती तर मला माघारी धाडली आसती."

तर असं होतं. डॉ. कोनापुरे सहा वर्षं ज्वारीची परीक्षा घेत होते आणि अक्का कुणालाच नापास होऊ देत नव्हत्या.

तिसरा डबा कोणता, ते मी खोलीवर जाऊन वहीत पाहिलं. पाहायची गरज नव्हती. तोच होता.

त्या दुपारी मी अक्कांना विनवण्या करून के-११७ साध्या पाण्यात मळायला लावलं. त्या तयार होईनात. शेवटी दार लावून घेतो, कुणी बघणार नाही, असं कबूल केलं, तेव्हा कुठे बसल्या. पीठ हाताला लागेना. थापताना कडा चिरत गेल्या. तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. अक्कांनी ते उलथन्यानं काठवटीत घेऊन जुळवायचा प्रयत्न केला, मग पदरानं काठवट झाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुणाला सांगू नगा."

कुणाला सांगू नका, हा सल्ला मला त्या घटकेला फार पटला. अठरा तारखेला बारा दिवस होते. मी दोन दिवस गप्प राहिलो आणि त्या दोन दिवसांत गप्प राहण्याची सहा चांगली कारणं शोधून काढली. मी नवा. आकडे माझे नव्हेत. सह्या जुन्या. दाणा तर दीडपट येतोच. मालदांडीचीही भाकरी कधीमधी मोडत असेल. सहावं कारण आता आठवत नाही, पण तेव्हा ते सर्वांत भक्कम वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः माझ्या टेबलाशी आले. हातात प्रस्तावाची पक्की प्रत. भाकरीचं कोष्टक पान चारवर होतं. त्याखाली टाईप केलं होतं: 'आकडे तपासले.' आणि पुढे रेघ.

"इथं सही करा," ते म्हणाले. "माझ्या वाणावर पहिली सही तुमची असू दे. कोऱ्या जिभेची."

मी पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं. आणि सांगून टाकलं. सगळं, एका दमात, खळीच्या पिठापासून.

त्यांनी प्रत माझ्या टेबलावर ठेवली. टोपी डोक्यावर घातली आणि शेडकडे चालू लागले. मी मागोमाग. अक्का नुकत्याच चूल सारवून बसल्या होत्या. डॉक्टरांनी पाट ओढला, बसले आणि म्हणाले, "अक्का, एकशेसतरा. साध्या पाण्यात." अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चुलीत जावंसं वाटलं. पण थापली. तीन तुकडे झाले. डॉक्टरांनी ते तिन्ही तुकडे ताटलीत घेतले आणि शांतपणे, शेवटच्या कणापर्यंत खाल्ले. मी आयुष्यात पुष्कळ माणसं जेवताना पाहिली आहेत. तसं जेवण पुन्हा पाहिलं नाही.

अक्का हळूच म्हणाल्या, माझं चुकलं असेल तर मी उद्यापासून परत खुरपणीला जाते.

"तुमची भाकरी सहा वर्षांत एकदाही मोडली नाही, अक्का," डॉक्टर म्हणाले. "मोडायला हवी होती." त्यांनी ताटली स्वतः धुतली आणि घरी गेले. दुपारचे साडेतीन झाले होते. कार्यालय सुटायच्या आत ते घरी गेल्याची ती पहिलीच वेळ, असं काळदात्यांनी सांगितलं.

काळदाते हा माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरांपुढे उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, की साहेब, सहा वर्षांचे आकडे आहेत, सह्या आहेत, शिक्के आहेत. पुण्यात कोण भाकरी थापून बघणार आहे? मनातल्या मनात मीही हेच म्हणत होतो.

डॉक्टरांचे डोळे तारवटलेले होते, पण आवाज नेहमीचा होता. ते म्हणाले, पुण्यात कुणी बघणार नाही. पण पुढच्या वर्षी कुणीतरी माणूस पाच एकर एकशेसतरा पेरील. पिकेलही भरपूर. त्याची बायको साध्या पाण्यात पीठ मळेल. "आणि त्यांच्या घरात सुंदराक्का नाहीत, काळदाते."

मग त्यांनी कामाला लावलं ते आम्हा सर्वांना. मालदांडी, के-११७ आणि आणखी पाच वाणं. प्रत्येकाची भाकरी दोन्ही तऱ्हेनं, साध्या पाण्यात आणि उकळत्या. प्रत्येकी तीन वेळा. अक्कांची समजूत घालायला डॉक्टरांना एक सबंध सकाळ लागली; मोडलेली भाकरी चांगल्या मनानं ताटात वाढायला त्या आयुष्यात पहिल्यांदाच शिकत होत्या. प्रत्येक मोडकी वाढताना "हिच्यात माझा हात न्हाय" असं पुटपुटत. काळदात्यांनी डोळे उघडले आणि कारकिर्दीत प्रथमच कुणाला तरी तीन दिले. आठ दिवसांत आकडे हाती आले. साध्या पाण्यात मालदांडी सात पूर्णांक सहा, के-११७ तीन पूर्णांक दोन. उकळत्या पाण्यात मालदांडी सात पूर्णांक पाच, के-११७ सात पूर्णांक तीन. पान चार नव्यानं टाईप झालं. 'आकडे तपासले' याच्यापुढे मी सही केली. अक्षर आजही वाचता येतं.

अठरा तारखेला पहाटे आम्ही केंद्राच्या जीपनं निघालो. मुलाणी गाडी चालवत होता, डॉक्टर पुढे, मी आणि अक्का मागे. आमच्या पायांशी काठवट, तवा, स्टोव्ह आणि पिठाचे डबे. अक्कांना कशाला न्यायचं, असं काळदात्यांनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पद्धत त्यांची आहे, मला थापता येत नाही.

सभा पहिल्या मजल्यावर होती. लांबलचक टेबल, नऊ सदस्य, प्रत्येकापुढे झाकण घातलेला पाण्याचा ग्लास. अध्यक्ष डॉ. परचुरे म्हणजे अत्यंत सभ्य माणूस. नाकावर उतरलेल्या चष्म्यातून कागद वाचत आणि चष्म्यावरून माणसं. अक्का बाहेर व्हरांड्यात तव्यासह बसल्या. डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी दाण्याचं, कडब्याचं सगळं बाजूला ठेवून आधी पान चार वाचलं. वाचून झाल्यावर परचुऱ्यांनी ते पान पुन्हा एकदा स्वतः वाचलं.

"म्हणजे तुमचं वाण तुमच्याच पद्धतीत नापास होतं," परचुरे म्हणाले, "असं तुम्हीच लिहून आणलंय."

"हो."

"आणि आधीची सहा वर्षं? सात पूर्णांक तीन?"

"ते आकडे ज्वारीचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ते सुंदराबाई खरात यांचे आहेत."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी खोकलं. मग हळूहळू प्रश्न सुरू झाले. एक सदस्य म्हणाले, प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण प्रामाणिकपणा हेक्टरी किती येतो? दुसऱ्यांनी तांत्रिक मुद्दा काढला, की समिती बियाण्याला मान्यता देते, स्वयंपाकाला नव्हे. तिसरे म्हणाले, समजा दिली मान्यता; तर खेड्यापाड्यांत कोण भाकरीसाठी मुद्दाम पाणी उकळत बसणार आहे? बाईमाणसाला तेवढा वेळ आहे का? हे सदस्य बायकांच्या वेळेविषयी बराच वेळ बोलले. परचुऱ्यांनी मान हलवली आणि डॉक्टरांना विचारलं, या प्रश्नाला तुमच्याकडे आकडा आहे का.

आकडा नव्हता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी कागदांकडे पाहिलं. आठ दिवसांत आम्ही सगळं मोजलं होतं आणि हे एक मोजायचं राहिलं होतं. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांची बारा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत पाकिटात जाऊन कपाटात बसायला निघाली होती. मग ते म्हणाले, मला माहीत नाही, पण ज्यांना माहीत आहे त्या बाहेर बसल्या आहेत.

अक्कांना आत बोलावलं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. दाराशीच उभ्या राहिल्या. परचुऱ्यांनी प्रश्न सोपा करून विचारला, की बाई, ही उकळत्या पाण्याची युक्ती तुम्हाला कुणी शिकवली? आणि बाकीच्या बायका असं करतील का?

अक्कांना प्रश्न कळला, पण तो विचारला का जातोय हे कळलं नाही. त्या क्षणभर घोटाळल्या.

"युक्ती कसली, साहेब? पीठ इरी गेलं की समद्याच बाया घालत्यात. श्रावणात दाणा जुना झालेला आसतुय, तवा तर घरोघर घालत्यात." त्यांनी टेबलाभोवतीच्या नऊही जणांवरून नजर फिरवली. "तुमच्या घरीबी घालत आसत्याल. इचारून बगा."

परचुरे म्हणाले, आपण दहा मिनिटं चहासाठी थांबू.

चहा टेबलावर तसाच राहिला. त्या मजल्यावर फोन एकच होता, जिन्याजवळच्या कोनाड्यात. मी बाहेर आलो तेव्हा त्याच्यापुढे चार सदस्य रांगेत उभे होते आणि पाचवे, बायकांच्या वेळेविषयी बोललेले, रिसीव्हर कानाला लावून खालच्या आवाजात विचारत होते, "नाही गं, जेवायला नाही येत. मी काय विचारतो, पीठ जुनं झालं की तू..." मग बराच वेळ ते फक्त ऐकत होते. पलीकडून काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण ते 'हो', 'बरं' आणि 'कधीच सांगितलं नाहीस' एवढंच म्हणाले.

अध्यक्ष सर्वांत शेवटी आत आले. बसले. चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला.

"घालतात," ते म्हणाले.

त्यानंतर काही विरोध उरला नाही. नियमाप्रमाणे प्रात्यक्षिक झालं, तेही खालच्या कॅन्टीनमध्ये. अक्कांनी स्टोव्हवर तवा टाकला. आधी साध्या पाण्याची थापली, मोडली; समितीनं मान डोलावली. मग उकळत्या पाण्याची, फुगली. समितीनं हात पुढे केला. बातमी इमारतभर पसरली आणि मजल्यामजल्यांवरून माणसं वाण तपासायला उतरली. एक झाली की दुसरी, अशा आणलेल्या डब्यांतलं पीठ संपेपर्यंत अक्का थापत राहिल्या. मी चाळिसापर्यंत मोजल्या. एका सहसंचालकांनी तीन नमुने तपासले आणि चौथ्यासाठी थांबले होते.

मान्यता मिळाली. अट एकच: शेतकऱ्यांना वाटायच्या पत्रकात, खताच्या मात्रेनंतर आणि कापणीच्या आधी, पीठ मळण्याची पद्धत छापावी. या वाक्यावर समितीनं अर्धा तास घेतला. 'उकळते पाणी' हा शब्द शास्त्रीय नाही, अंश सेल्सियस लिहा, असं एक मत पडलं. स्वयंपाकघरात थर्मामीटर नसतो, असं दुसरं पडलं. शेवटी 'उकळते' राहिलं. पद्धत सुचवणाऱ्याचं नाव छापायचं ठरलं, तेव्हा अक्कांना विचारलं, नाव कसं लिहू. त्या म्हणाल्या, माझं कशाला, ते समद्या बायांचं हाय. समितीला एवढी नावं पत्रकात बसवता येईनात, म्हणून 'श्रीमती खरात व इतर' असं लिहिलं गेलं. मी त्यानंतर चौतीस वर्षं नोकरी केली. शास्त्रीय लिखाणात 'व इतर' हे शब्द शेकडो वेळा वाचले. इतके खरे पुन्हा कुठे दिसले नाहीत.

चार वाजता जीप परत निघाली. हडपसर मागे पडलं तशी गर्दी सरली, दोन्ही बाजूंना ऊस लागला, उन्हं कलली. डॉक्टरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पुढच्या काचेतून बघत, मागे न वळता बोलू लागले. म्हणाले, मयेकर, आपण दाणा मोजतो, कडबा मोजतो, पाऊस मोजतो. चुलीपाशी जे चाललेलं असतं ते कुणी मोजलंच नाही, कारण ते न मोजताच रोज बरोबर होत आलं. मी बारा वर्षं ज्वारी सुधारत होतो. आणि तिला सांभाळून घेणाऱ्या बाया हजार वर्षं तिथेच बसल्या होत्या. विज्ञान म्हणजे, आणि इथे त्यांचा आवाज भरून आला, विज्ञान म्हणजे शेवटी अशा एखाद्या माणसापुढे नीट बसणं. मुलाणीनं आदरानं गाडीचा वेग कमी केला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी अक्कांकडे पाहिलं.

अक्का काठवटीला रेलून बसल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांचं बोलणं संपलंय की नाही याचा अंदाज घेतला आणि पुढे वाकल्या.

"साहेब, सकाळधरनं नुसत्या कपभर च्यावर हाय. पुढं कुठं वडापाव मिळत आसंल तर गाडी थांबवा. भाकर सोडून कायबी चालंल."